डेस्कटॉपमध्ये जादा रॅम: नागपूरच्या बर्डीच्या बाजारात जाण्याआधी काय पाहायचं आणि घरी कशी बसवायची

रॅम, म्हणजे संगणकाची कामाच्या वेळची मेमरी, बसवणं हे हार्डवेअरमधलं सगळ्यात सोपं काम. दोन स्क्रू, बाजूचा एक पत्रा आणि दोन अंगठ्यांचा दाब. माणूस फसतो तो त्याच्या आधी, कोणती रॅम आणायची हे ठरवताना. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, त्यामुळे चुकीची रॅम घरात येणं पूर्वीपेक्षा महागात पडतं. म्हणून कॅबिनेट उघडण्यापूर्वीच्या गोष्टी इथे जास्त सविस्तर लिहिल्या आहेत.

रॅमच कमी पडतेय का?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी'. आता रोजचं काम सुरू करा. इतवारीतल्या ठोक दुकानात टॅली, जीएसटीचं पोर्टल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एकत्र चालतं, सेवा केंद्रात ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडे असतात, डीटीपीवाल्याकडे कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप सोबत चालतं. जे तुमचं असेल ते पूर्ण भरात चालवा आणि आकडा पाहा. वापर सतत ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवून फरक पडेल. ५०-६० टक्क्यांवरच थांबत असेल, तर आणखी रॅम टाकून मशीन तसूभरही वेगवान होणार नाही.

इथे एक फसवा प्रकार आहे. मेमरीही भरलेली आणि त्याच पानावर 'डिस्क' १०० टक्के, असं दिसलं की लोक हार्ड डिस्कला दोष देतात. रॅम संपली की विंडोज जादाचा माल डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं आणि परत उचलतं, त्यानेच डिस्क धापा टाकते. अशा वेळी आधी रॅम. मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क १०० वर असेल तर मात्र रॅमचे पैसे एसएसडीत (न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कमध्ये) घाला. अजूनही फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज चालवणाऱ्या मशीनला एसएसडीने जो फरक पडतो, तो रॅमने पडत नाही.

किती रॅम हवी याचं साधं उत्तर: विंडोज १० किंवा ११ आणि ब्राउझर यांसाठी ८ जीबी ही खालची मर्यादा, १६ जीबीत आराम, आणि व्हिडिओ एडिटिंग, रेव्हिट किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणार असाल तर ३२. फक्त टॅली आणि प्रिंटिंग असलेल्या काउंटरवरच्या मशीनला १६ घालणं म्हणजे हौस.

विंडोज ३२ बिटचं आहे का, हे 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'अबाउट' इथे पाहून घ्या. ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वर काही घाला, त्याला दिसणार नाही; त्या चारमधलीही साधारण सव्वातीनच हाती लागते. आधी ६४ बिट विंडोज टाका, मग रॅमचं बघा. विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट अजून कुठे चालत असेल, तर त्याची मर्यादा ८ जीबी आहे.

पिढी ओळखा, खाच ओळखा

डेस्कटॉपच्या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर-३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट, डीडीआर-५ लाही २८८ पिना पण १.१ व्होल्ट. पिनांच्या रांगेत मध्ये एक खाच असते आणि ती प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. डीडीआर-४ आणि ५ च्या खाचा इतक्या जवळ आहेत की नुसत्या नजरेने गफलत होते. मदरबोर्डावर (पुढे नुसतं 'बोर्ड') रॅम बसते त्या स्लॉटमध्ये मात्र चुकीची पिढी बसत नाही, आणि बसत नाही म्हणून जोर लावला की स्लॉट फुटतो.

ढोबळ हिशेब असा. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल तर डीडीआर-३ (फार जुनं असेल तर डीडीआर-२). सहावीपासून अकरावीपर्यंत बहुतेक डीडीआर-४. बारावी, तेरावी, चौदावीत बोर्डावर अवलंबून: काही बोर्ड ४ चे, काही ५ चे. एएमडीच्या प्रोसेसरांत एएम-४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) म्हणजे डीडीआर-४, एएम-५ म्हणजे फक्त डीडीआर-५. सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर-३ चे स्लॉट दिले होते, पण ते कमी व्होल्टच्या डीडीआर-३एल साठी, १.३५ व्होल्टच्या. तिथे घरात पडलेली १.५ व्होल्टची जुनी रॅम लावू नका. मशीन सुरू होईलही, पण प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला तो व्होल्टेज मानवत नाही.

अंदाजावर विसंबू नका. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर टाका. त्यातल्या 'मेनबोर्ड' पानावर बोर्डाचं मॉडेल, 'मेमरी' पानावर पिढी आणि 'एसपीडी' पानावर एकेका स्लॉटमधल्या रॅमची कंपनी, क्षमता, वेग हे सगळं मिळतं. या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. दुकानात तोंडी सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं कधीही बरं. सीपीयू-झेड मेमरीचा वेग निम्मा दाखवतं. ३२०० ची रॅम तिथे १६०० च्या आसपास दिसेल, त्यात बिघाड नाही. डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, आणि पाकिटावर तो दुप्पट आकडा छापतात.

टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' असंही लिहिलेलं असतं. ते उपयोगाचं आहे, पण काही बोर्डांचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) चुकीची माहिती देतं आणि दोन स्लॉटच्या बोर्डावर चार दिसतात. पत्रा उघडून डोळ्यांनी पाहा. तिथेच 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'एसओडीआयएमएम' आलं तर सावध व्हा: तुमच्या मशीनला लॅपटॉपची आखूड रॅम लागते. ऑल-इन-वन आणि पुस्तकाएवढ्या छोट्या ब्रँडेड पीसीत ती असते.

बोर्ड किती झेपवतो

प्रत्येक बोर्डाची कमाल मर्यादा असते, आणि एका स्लॉटची वेगळी. एच६१ आणि एच८१ हे चिपसेट (बोर्डाचा प्रकार ठरवणाऱ्या मुख्य चिपा) ऑफिसांत, शाळांत, सायबर कॅफेत प्रचंड खपले आणि नागपुरात अजून ढिगाने चालू आहेत. दोन्हींना दोनच स्लॉट, एका स्लॉटला कमाल ८ जीबी, म्हणजे एकूण १६. तिथे १६ जीबीची एकच डीडीआर-३ स्टिक (रॅमचा एक नग) आणली तर मशीन सुरूच होणार नाही. एच११० ला दोन स्लॉटमध्ये मिळून ३२ जीबी चालते. ब्रँडेड मशीन असेल तर मागे किंवा बाजूला मॉडेल आणि सर्व्हिस टॅग असतो. कंपनीच्या साइटवर त्या नंबराची पुस्तिका उघडून 'मेमरी' प्रकरण वाचा.

वेगाचंही तसंच. दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ प्रोसेसर एच४१० बोर्डावर असेल, तर ३२०० ची रॅमसुद्धा २६६६ वरच चालेल. नुकसान काही नाही, बाजारात २६६६ मिळत नसेल तर ३२०० बिनधास्त घ्या, ती खाली उतरून चालते. फक्त त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

जुनीसोबत नवी चालेल का?

पिढी एकच असेल तर बहुतेक वेळा चालते. दोन्ही रॅम त्यांतल्या संथ रॅमच्या वेगाने चालतात. शक्यतो क्षमता सारखी ठेवा, म्हणजे ८ सोबत ८. दोन सारख्या स्टिक योग्य स्लॉटमध्ये असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा फायदा नजरेत भरतो, कारण बोर्डावरचं ग्राफिक्स याच रॅममधून खातं. ४ सोबत ८ लावली तर इंटेलच्या बोर्डांवर सहसा दोन्हींतला चार-चारचा भाग ड्युअल चॅनलमध्ये जातो आणि उरलेली चार एकेरी चालते. वाईट नाही.

जुनी २१३३ ची स्टिक आणि नवी ३२०० ची असा जोड जमला नाही, तर दोष कोणाचाच नसतो. खरं तर १६ हवी असेल आणि जुनी स्टिक ४ ची असेल, तर ८-८ ची जोडी घेऊन जुनी काढून ठेवणं हाच शहाणपणा. डीडीआर-५ मध्ये तर हे आणखी पाळा: चारही स्लॉट भरले की वेग बराच खाली येतो, त्यामुळे दोन मोठ्या स्टिक चार छोट्यांपेक्षा बऱ्या.

दुकानात

बर्डीच्या बाजारात गेल्यावर एवढंच नेमकं सांगा: 'डेस्कटॉपची, डीडीआर-४, ८ जीबी, ३२००, बोर्ड अमुक.' नुसतं 'आठ जीबी रॅम द्या' म्हटलं तर समोरच्याने लॅपटॉपची दिली तरी त्याची चूक नाही. शक्य असेल तर जुनी रॅम सोबत न्या. नाहीच जमलं तर तिच्या स्टिकरचा फोटो. स्टिकरवर 'पीसी४' म्हणजे डीडीआर-४, 'पीसी३' म्हणजे डीडीआर-३, 'पीसी३एल' म्हणजे कमी व्होल्टची. काही स्टिकरवर वेगाऐवजी २५६०० असा मोठा आकडा असतो. तो ३२०० ला आठने गुणून आलेला असतो. १२८०० दिसला तर ती १६०० ची डीडीआर-३.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. रॅमची वॉरंटी अनेक कंपन्या बऱ्याच वर्षांची देतात, काही तर आयुष्यभराची, आणि ती बिलावर व स्टिकरवरच्या सिरीयल नंबरावर चालते. स्टिकर खरवडलं की वॉरंटी गेली. दुकानदार स्वतःची तारखेची चिकटपट्टी लावतो, तीही राहू द्या.

सेकंडहँड रॅम घ्यायला हरकत नाही, हा भाग तसा टिकाऊ असतो. डीडीआर-३ तर आता जवळजवळ सेकंडहँडच घ्यावी लागते, आणि नव्या चकचकीत पाकिटातल्या अनोळखी ब्रँडच्या डीडीआर-३ मध्येही जुन्या मशीनमधून काढलेल्या चिपा असू शकतात. पाहायच्या गोष्टी: सोनेरी पट्ट्यांवर खोल ओरखडे किंवा काळे डाग, कडेचे बारीक रेझिस्टर तुटलेले, एखाद्या चिपेवर जळाल्याची खूण. आणि दुकानातच बोर्डावर लावून दाखवायला सांगा, सात दिवसांत बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या.

फार स्वस्त मिळतेय म्हणून दोन प्रकारांना भुलू नका. एक, सर्व्हरची 'रजिस्टर्ड' रॅम. डीडीआर-४ मध्ये तिची खाच साध्या रॅमसारखीच असल्यामुळे ती स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण साध्या डेस्कटॉप बोर्डावर मशीन उठत नाही. ओळखण्याची खूण म्हणजे स्टिकच्या मधोमध वेगळ्या आकाराची एक जादा चिप, आणि मेमरीच्या चिपा आठच्या ऐवजी नऊच्या पटीत. दोन, 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरांत लिहिलेली डीडीआर-३. इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही.

रॅमवरचे रंगीत दिवे आणि उष्णता घालवायला लावलेल्या पत्र्याच्या झुली यांवर एक वाक्य पुरे. १.२ व्होल्टच्या रॅमला उन्हाळ्यात, अगदी नागपूरच्या मे महिन्यातही, त्या पत्र्याची गरज नसते, उलट उंच पत्रा सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, कूलरला अडतो.

वीज तोडण्याचं नीट समजून घ्या

स्टार्ट मेनूतून शट डाउन करताना शिफ्टचं बटण दाबून धरा. नाहीतर 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज अर्धवटच बंद होतं, आणि हार्डवेअर बदलल्यावर सुरू होताना कधी कधी गोंधळ घालतं. विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या त्या कुलपाची) रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, कारण पुढे बायोस रिसेट करायची वेळ आली तर ती मागितली जाऊ शकते.

आता मागची पॉवर केबल कॅबिनेटमधूनच उपटा. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणून थांबू नका. मध्ये यूपीएस असेल तर भिंतीचं बटण बंद असतानाही तो बॅटरीवर करंट देत राहतो. शिवाय मशीन 'बंद' असतानाही एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज पुरवत असतो, आणि तशात रॅम काढली किंवा घातली तर रॅम किंवा स्लॉट जाऊ शकतो. केबल काढल्यावर पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावर एखादा छोटा दिवा जळत असेल तर तो विझेल. विझल्याशिवाय हात घालू नका.

स्थिर विजेचा धोका मुंबईत जेवढा असतो त्याहून नागपुरात जास्त, कारण इथली हवा कोरडी. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर काढताना तडतड आवाज येतो तीच ही वीज. माणसाला झटका जाणवायला दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. चिपेला त्याच्या कितीतरी कमी पुरतात, आणि ते तुम्हाला कळतही नाही. त्यामुळे लोकरीचे आणि नायलॉनचे कपडे नकोत, पायाखाली सिंथेटिक गालिचा नको, सुती सतरंजी चालेल. रॅमला हात लावण्याआधी, आणि मधूनमधून, कॅबिनेटचा रंग नसलेला पत्रा किंवा एसएमपीएसचा स्क्रू बोटाने धरा. मनगटपट्टा असेल तर उत्तम, नसेल तर काम अडत नाही.

एरवी मशीन चालू असताना कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे अर्थ नसलेल्या पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण अशा मशीनला रॅमचे आणि यूएसबीचे विचित्र आजार होतात. उन्हाळ्यात जमीन सुकली की जुन्या घरांतलं अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात पाणी घालणं हा त्यावरचा जुना आणि बरोबर उपाय. तीन पिनांची केबल दोन पिनांच्या बोर्डात घालून वापरणं बंद करा.

बसवताना

लागेल ते एवढंच: स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मऊ कोरडा ब्रश, पांढरा खोडरबर. सगळ्या केबली काढून कॅबिनेट टेबलावर आडवं झोपवा, बोर्ड वरच्या बाजूला येईल असं. उभ्या कॅबिनेटमध्ये रॅम दाबली की जोर तिरका पडतो. समोरून पाहता डाव्या हाताचा पत्रा मागच्या दोन स्क्रूंनी बांधलेला असतो. काढा आणि मागे सरकवा.

धूळ दिसेलच. खोलीतल्या उन्हाळी कूलरच्या समोर ठेवलेल्या मशीनमध्ये खस किंवा वुडवूलचा भुसा आणि ओल मिळून चिकट थर तयार होतो, तो स्लॉटच्या पिनांवर बसतो. आधी ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. आणि यापुढे मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका.

सीपीयूच्या पंख्याशेजारी लांबट स्लॉट दिसतील, दोन किंवा चार. दोन असतील तर प्रश्न नाही. चार असतील आणि दोन स्टिक लावायच्या असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, बहुतेक बोर्डांवर हेच. त्यांच्याजवळ ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा ही अक्षरं किंवा पुस्तिका पाहा. एकच स्टिक असेल तर ए२.

स्लॉटचे लॉक बाहेर ढकला. काही बोर्डांना एकाच टोकाला लॉक असतं, दुसरं टोक ग्राफिक्स कार्डाला अडू नये म्हणून पक्कं ठेवलेलं असतं. स्टिक कडांनी धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आली की नाही हे दाबण्याआधी पाहा. उलटी असेल तर फिरवा. मग स्टिक सरळ उभी ठेवून दोन्ही टोकांवर अंगठे ठेवा आणि समान दाबा. एकाच बाजूला लॉक असेल तर पक्क्या टोकाची बाजू आधी बसवून मग लॉकची बाजू दाबा. 'खट्' आवाज येईल आणि लॉक आपोआप वर येऊन स्टिकच्या कडेच्या खाचेत बसेल. लॉक हाताने ढकलून बसवलं तर ते बसलेलं दिसतं, पण रॅम अर्धी वर असते.

दाब किती? पहिल्यांदा करणाऱ्याला भीती वाटेल इतका. बोर्ड किंचित वाकेलही. स्वस्त, अरुंद बोर्डांना रॅमच्या बाजूच्या कडेखाली स्क्रूच नसतात, तिथे दोन्ही टोकं एकदम दाबण्यापेक्षा एक टोक, मग दुसरं असं हळूहळू घ्या. शेवटी डोळा स्लॉटच्या पातळीला आणून पाहा: सोनेरी पट्ट्यांची दिसणारी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी हवी. एका बाजूला जास्त सोनं दिसत असेल तर स्टिक तिरकी आहे. 'रॅम खराब निघाली' म्हणून दुकानात परत येणाऱ्या कित्येक स्टिक नुसत्या नीट न दाबलेल्या असतात.

पहिल्यांदा सुरू करताना

पत्रा लावण्याची घाई नको. पॉवर केबल, मॉनिटर, कीबोर्ड एवढंच जोडा आणि सुरू करा. पहिल्या खेपेस स्क्रीन काही वेळ काळी राहते, मशीन आपोआप एक-दोनदा बंद होऊन परत चालू होतं. बोर्ड नव्या रॅमशी वेग जुळवत असतो. डीडीआर-५ मध्ये, विशेषतः एएम-५ बोर्डांवर, हे कित्येक मिनिटं चालू शकतं. घाबरून मध्येच वीज तोडू नका.

विंडोज आलं की टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा आणि वेग तपासा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या बोर्डांवर डीओसीपी किंवा एक्सपो) प्रोफाइल, म्हणजे पाकिटावरचा वेग लावणारी सेटिंग, चालू करा. बोर्ड परवानगी देत नसेल तर तो पर्याय दिसणारच नाही. चालू केल्यावर मशीन अधूनमधून अडकायला लागलं तर एक पायरी खालचा वेग निवडा. रोजच्या कामात फरक कळणारही नाही.

काही बिघडलं तर

स्क्रीन काळीच आणि बीप-बीप थांबत नाही, किंवा बोर्डावरचा 'डीरॅम' लिहिलेला दिवा जळतोय: केबल काढा, पॉवर बटण दाबून चार्ज घालवा, रॅम काढून परत घाला. तरी नाही? सगळ्या स्टिक काढा. एकच जुनी, चालणारी स्टिक ए२ मध्ये. सुरू झालं तर तिच्या जागी फक्त नवी. ती एकटी चालली तर स्टिक चांगली आहे, मग दुसरा स्लॉट तपासा. अशा फेऱ्यांनी दोष स्टिकचा, स्लॉटचा की दोघींच्या जोडीचा हे ठरतं, आणि बदलून मागायला गेल्यावर दुकानात वाद होत नाही.

जुन्या स्टिकच्या पट्ट्या मळलेल्या असतील तर खोडरबर एकाच दिशेने, आतून कडेकडे, हलक्या हाताने फिरवा. चुरा ब्रशने पूर्ण झाडा, स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेलं मशीन दिवाळीच्या सुमारास उठत नाही, तिथे हा उपाय हमखास लागू पडतो. चिवट डागाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, सॅंडपेपर, यातलं काही नको. सोन्याचा थर अगदी पातळ असतो.

दोन्ही वेगवेगळ्या चालतात पण एकत्र नाही: बायोस रिसेट करा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, पॉवर केबल अर्थातच निघालेली हवी. सेल जुना असेल तर त्याच वेळी बदला. यानंतर तारीख-वेळ परत लावावी लागेल, नाहीतर बँकेच्या आणि सरकारी साइट्स प्रमाणपत्राची चूक दाखवतील. तरीही एकत्र चालत नसतील तर बायोसचं नवं व्हर्जन पाहा, आणि तेही झालं तर जोड जमत नाही हे मान्य करून स्टिक बदलून घ्या.

१६ लावली पण ८ च दिसते: एक स्टिक नीट बसलेली नाही, किंवा तो चॅनलच मेला आहे. सीपीयूच्या सॉकेटमधली एखादी वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर यानेही एका चॅनलची रॅम गायब होते. एवढ्यातच मशीनचा सीपीयू किंवा कूलर कुणी काढला होता का, हे आठवा. सॉकेटच्या पिना घरी सरळ करायला जाऊ नका.

१६ दिसते पण 'वापरण्याजोगी' कमी: थोडी रॅम बोर्डावरचं ग्राफिक्स राखून ठेवतं, ५१२ एमबीपासून २ जीबीपर्यंत, ते ठीक. टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'चा आकडा त्याहून फार मोठा असेल तर 'सिस्टीम कॉन्फिगरेशन' उघडा, 'बूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि 'मॅक्सिमम मेमरी'समोरची खूण काढा. 'वेग वाढवा' छाप व्हिडिओ पाहून लोक ती खूण करून ठेवतात. तिने वेग वाढत नाही, उलट मर्यादा बसते.

निळी स्क्रीन, फाइल उघडताना खराब असल्याचा संदेश, झिप फाइल न उघडणं, विंडोज इन्स्टॉल अर्ध्यात थांबणं: ही सदोष रॅमची लक्षणं. सर्चमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करून ती तपासणी चालवता येते, पण ती वरवरची. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एकही चूक आली तर स्टिक नापास. 'एकच तर आहे' असं नसतं. एक्सएमपी चालू असताना चूक आली तर आधी ते बंद करून परत तपासा, आणि मगच बदलायला जा.

ही तपासणी बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत करा, रॅम बिनतक्रार चालतेय असं वाटत असलं तरी. काढलेली जुनी स्टिक नव्या स्टिकच्या प्लास्टिक खोक्यात किंवा अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा आणि वर पिढी, क्षमता लिहा. डीडीआर-४ असेल तर तिला सध्या सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक आहे, आणि नसली विकायची तर पुढच्या काळ्या स्क्रीनच्या वेळी तपासायला तीच कामाला येईल.